'शीळ' : कविता आणि तबकडी

मराठीच्या तासाला 'भावगीत म्हणजे काय' हे फळ्यावर लिहून देणे फार सोपे असते. 'एका उत्कट भावनेचा गेय, संक्षिप्त आविष्कार' असे एक वाक्य लिहिले की मुले ते उतरवून घेतात, परीक्षेत जसेच्या तसे लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. परंतु या व्याख्येत एक महत्त्वाची गोष्ट येत नाही. आज आपण ज्याला भावगीत म्हणतो ते केवळ कवीच्या वहीत जन्मले नाही. कवीची वही, गायकाचा गळा आणि ग्रामोफोनची तबकडी या तिघांच्या संगतीने ते जन्मले, आणि त्याचा पहिला मोठा विजय म्हणून जे गाणे सांगितले जाते त्याचे मूळ आपल्या वऱ्हाडात आहे. ते गाणे म्हणजे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता आणि जी. एन. जोशी यांनी ती गाऊन एच. एम. व्ही. कंपनीने काढलेली ध्वनिमुद्रिका. या एका गाण्याच्या जन्माचा आणि स्वागताचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ चा, बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथला. पुढे मेहकर येथे त्यांनी वकिली केली आणि तेथेच आयुष्य काढले. मेहकर पैनगंगेच्या काठी आहे. तीच पैनगंगा पुढे वाशीम, पुसद करीत आपल्या उमरखेड तालुक्याच्या कडेने वाहते, आणि ढाणकीहून दक्षिणेला निघालेला माणूस तिच्याच काठी जाऊन उभा राहतो. म्हणजे ज्या नदीच्या वरच्या अंगाला ही कविता झाली, तिच्या खालच्या अंगाला आपण राहतो. नकाशात पाहिले तर हा योगायोग क्षुल्लक आहे, हे मला मान्य आहे. परंतु पाठ्यपुस्तकातील सगळे कवी पुण्या-मुंबईचे असतात असे समजणाऱ्या आपल्या मुलांना तो सांगितलाच पाहिजे. जी. एन. जोशी यांचाही जन्म १९०९ चाच, आणि त्यांचेही शिक्षण वकिलीचेच. कविता आणि गाणे दोन्ही झाली तेव्हा हे दोघे विशीच्या अलीकडे-पलीकडे होते. दोन तरुण वकिलांनी मराठी गाण्याची दिशा बदलली असे कोणी म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्या काळी मराठी माणूस 'गाणे' म्हटले की काय समजत असे? एक तर अभंग, ओवी, लावणी, पोवाडा. नाही तर नाटकाचे पद. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या पदांनी महाराष्ट्र वेडा झाला होता. नाटकाचे पद हे नाटकातल्या पात्राचे असते. सुभद्रा गाते, भामिनी गाते. त्यामागे कथा असते, प्रसंग असतो, रंगमंच असतो. दुसऱ्या बाजूला १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी, म्हणजे माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदींनी, आपल्या कविता सभा-संमेलनांतून गोड चालीवर म्हणावयास सुरुवात केली होती. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत काव्यगायनाला तोबा गर्दी होई. कविता कानाने ऐकण्याची सवय तेथे लागली. मात्र ते गायन कवीचे होते, गवयाचे नव्हते. नाटकाच्या पदात गळा होता पण कथानकाचे ओझे होते. काव्यगायनात कविता होती पण तालमीचा गळा नव्हता. मध्ये एक जागा मोकळी होती. आणि त्याच सुमारास 'आलम आरा' (१९३१) व 'अयोध्येचा राजा' (१९३२) हे बोलपट आले, नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली आणि ती जागा आणखीच मोकळी झाली.

येथे थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे, कारण कलेच्या इतिहासात यंत्राला आपण उगाच मोरीत बसवतो. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीने पहिले मोठे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात केले. गौहरजानच्या गाण्याच्या त्या तबकड्या प्रसिद्धच आहेत. पुढे १९०८ च्या सुमारास कलकत्त्यात तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. आरंभी गायकाला एका भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून, जोर लावून गावे लागे. आवाजाच्या धक्क्यानेच सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळू गायले तर काही उमटतच नसे. १९२५ साली मायक्रोफोन आणि विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि सगळे पालटले. आता कुजबुजल्यासारखे गायले तरी ते तबकडीवर उतरू लागले. नाटकगृहातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज लावण्याची गरज उरली नाही. समोर एकच माणूस बसला आहे असे समजून गाता येऊ लागले. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांची मृदू गायकी याच मायक्रोफोनमुळे लोकप्रिय झाली, आणि माझ्या मते मराठी भावगीतही याच कारणाने शक्य झाले.

तबकडीची दुसरी अट वेळेची. दहा इंचांची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजत असे. ख्याल गाणाऱ्या बुवांना हे संकट वाटे. तासाभराचा राग तीन मिनिटांत कसा कोंबायचा? पण चार-पाच कडव्यांच्या कवितेला तीन मिनिटे ही अगदी मापाची जागा होती. अट ज्याला जाचते त्याला ती बेडी, ज्याला बसते त्याला ती अंगरखा. आणि ही तबकडी कशाची असे? लाखेची. दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि लाख एकत्र करून ती दाबून तयार करीत. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर बसणाऱ्या किड्याची राळ. आपल्या भागात पळसाला तोटा नाही. हातातून पडली की खापरासारखी फुटणारी ही वस्तू, चावी भरायचे यंत्र आणि प्रत्येक गाण्याला बदलायची पोलादी सुई, एवढ्या सामग्रीवर गाणे घरात येत असे. त्याला विजेची गरज नव्हती, ही बाब खेड्यांच्या दृष्टीने फार मोठी. इतकी मोठी, की पाश्चात्त्य देशांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बंद पडल्यानंतरही हिंदुस्थानात त्या निघत राहिल्या आणि १९६० नंतर बीटल्सची काही गाणीसुद्धा आपल्याकडे त्याच लाखेच्या तबकड्यांवर विकली गेली.

आता कवितेकडे वळू. 'शीळ' ही कविता १९३० च्या आगेमागे लिहिली गेली आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत तिची तबकडी निघाली. कवितेत एक खेड्यातली तरुणी बोलते आहे. तिच्या प्रियकराने रानात शीळ घातली आहे आणि ती रानभर घुमली आहे. ती ऐकून ही मनातून हरखते आणि वरून त्याला रागे भरते: तुला वेळ-अवेळ कळत नाही, तुझ्या वागण्याला धरबंध नाही. भाषा ग्रामीण आहे. नागर मराठीत जे 'वेळ' ते येथे बोलीतले रूप घेऊन येते. त्या काळात कवींना खेड्यातल्या बोलीची ओढ लागली होती आणि 'जानपद गीत' नावाचा प्रकारच निघाला होता. त्यातल्या पुष्कळशा कवितांत खेडे म्हणजे शहरी कवीने केलेले वेषांतर वाटते. धोतर नवे, घडी मोडलेली नाही. देशपांडे यांची ही कविता तशी वाटत नाही. याचे श्रेय त्यांच्या मेहकरच्या मुक्कामाला द्यायचे की त्यांच्या कानाला, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी कानाला देतो.

या कवितेचा मर्मबिंदू मात्र एका शब्दखेळात आहे आणि चालीच्या गोडव्यात तो हमखास निसटतो. 'शीळ' म्हणजे तोंडाने घातलेली शीळ; आणि 'कुळशीळ' म्हणजे घराणे व चारित्र्य. ती तरुणी प्रियकराला त्याच्या थोर कुळशीळाची आठवण देते. म्हणजे तो मोठ्या घरचा आहे. ही त्याच्या बरोबरीची असती तर असे बोलली नसती. एकदा हे ध्यानात आले की साऱ्या कवितेचा रंग बदलतो. रानात घुमलेली शीळ सगळ्यांनी ऐकली आहे. गवगवा झाला तर मोठ्या घरच्या मुलाचे फार तर हसे होईल. हिचे काय होईल? तो बेभान आहे, कारण त्याला बेभान होणे परवडते. तिच्या लटक्या रागाखाली खरी भीती आहे आणि त्या भीतीसकट तिला ती शीळ हवी आहे. एवढा गुंता एवढ्या हलक्या शब्दांत आणणे हे पोरवयातल्या कवीचे काम वाटत नाही.

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात मी ही कविता न वाचता आधी गाणे ऐकवले. आता त्यासाठी चावी भरावी लागत नाही. ज्याच्या-त्याच्या खिशातल्या मोबाईलवर नव्वद वर्षांपूर्वीचा जोशीबुवांचा आवाज खरखरीसकट ऐकता येतो. गाणे संपल्यावर मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, बसस्टँडवर आम्हाला पाहून कोणी शिट्टी मारली तर तुम्हीच म्हणता, तक्रार करा. आणि इथं त्याच शिट्टीचं कौतुक?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मी छापील कविता वाचून दाखवली आणि विचारले, यात बोलते कोण? तेव्हा ती म्हणाली, "सर, काल मला वाटलं तो माणूसच बोलतोय."

या एका वाक्यात तबकडीने कवितेचे काय केले ते सारे येते. शब्द स्त्रीचे, आवाज पुरुषाचा. १९३० च्या आसपासच्या श्रोत्याला यात काही वावगे वाटले नाही, कारण पुरुषाने स्त्रीचे गाणे गावे ही गोष्ट बालगंधर्वांमुळे त्याच्या अंगवळणी पडली होती. पण बालगंधर्व शालू नेसून, स्त्री होऊन गात. जोशी कोणाचेच सोंग न घेता, आपल्या सरळ पुरुषी आवाजात गायले. त्यामुळे एक नवीच गोष्ट घडली: गाणे पात्राच्या हातून सुटले आणि ऐकणाऱ्याचे झाले. ज्याला हवे त्याने ते आपले समजावे. भावगीत लोकप्रिय होण्याचे हे मोठे कारण होय. पण याची किंमतही होती, आणि ती त्या तरुणीने दिली. तिची भीती, तिचे कुळशीळाचे टोमणे, तिचा निर्णय हे सर्व गोड सुरांत विरघळून गेले आणि मागे उरली ती केवळ शीळ. माझ्या विद्यार्थिनीला पुस्तकातली कविता पटली. गाणे तिला अजूनही पटलेले नाही. तिच्या मताला मी काटा मारलेला नाही.

तबकडीचे स्वागत कसे झाले? ती अफाट खपली आणि जोशी यांचे नाव घरोघर झाले, हे मराठी सुगम संगीताच्या इतिहासात सर्वमान्य आहे. भावगीताचा खरा आरंभ या तबकडीपासून मानण्याची प्रथाही त्यामुळेच पडली. त्यापाठोपाठ ना. घ. देशपांडे यांच्या आणखी कविता आल्या. गांधारी हनगल या नावाने तेव्हा तबकड्या देणाऱ्या गंगूबाई हनगल यांनी जोशी यांच्याबरोबर मराठी द्वंद्वगीते गायली. ख्यालगायकीचा एवढा मोठा आवाज तरुणपणी या दालनातून जाऊन आला हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे गजानन वाटवे आले, त्यांनी काव्यगायनाचे स्वतंत्र कार्यक्रम गावोगाव केले आणि आपल्याच विदर्भातील कवी अनिल यांच्या कवितांना गळा दिला. वाट एकदा पडली की तिच्यावरून गाड्या जातातच.

नाके मुरडणारेही होते. कवितेच्या बाजूचे लोक म्हणत की चालीमुळे कविता पातळ होते. गाण्याच्या बाजूचे म्हणत की शब्दांच्या मागे धावल्याने राग उणा होतो. हे दोन्ही आक्षेप आजही ऐकू येतात आणि दोन्हींत थोडे तथ्य आहे. विलायतेत १९७० च्या दशकात 'सॉफ्ट रॉक' नावाचा जो प्रकार निघाला, त्याच्यावरही असाच दुहेरी मार बसला. कार्पेंटर्स या भावाबहिणीच्या जोडीचे 'क्लोज टू यू' हे गाणे १९७० साली अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. रॉकवाल्यांना ते मिळमिळीत वाटले, पण लोकांनी ते उचलून धरले. गंमत अशी की तेच गाणे १९६३ साली दुसऱ्या एका गायकाने मुद्रित केले होते आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. तेच शब्द, तीच चाल. फरक पडला तो कॅरन कार्पेंटरच्या जवळून, खालच्या पट्टीत बोलल्यासारख्या आवाजाने. मृदू गाणे म्हणजे दुबळे गाणे हा समज जगभर आहे आणि तो जगभर चुकीचा आहे.

जोशी यांचे पुढे भले झाले. १९३८ च्या सुमारास ते ज्या कंपनीने त्यांची तबकडी काढली त्याच कंपनीत अधिकारी म्हणून दाखल झाले आणि काही दशके त्यांनी देशातल्या थोर गायक-वादकांचे ध्वनिमुद्रण केले. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस तिच्यात सुरांनी रंगवला आहे आणि पाश्चात्त्य रॉक कलावंतांतही तिचे चाहते निर्माण झाले. रानातली शीळ गाऊन ज्याने आरंभ केला त्याने उत्तरायुष्यात मेंढपाळाच्या रानाला सूर मिळवून द्यावेत, ही संगती मला मोठी सुखद वाटते. ती त्यांनी जाणून साधली असेलच असे नाही.

कवीचे काय झाले? येथे माझ्या मनात थोडी खंत आहे. गाणे महाराष्ट्रभर झाले १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, ना. घं.चा पहिला कवितासंग्रह आला १९५४ साली. मध्ये वीसहून अधिक वर्षे गेली. तेवढ्या काळात एक अख्खी पिढी ते गाणे गुणगुणत मोठी झाली आणि तिच्या हातात कवीचे पुस्तक नव्हते. संग्रह निघाला तेव्हा त्याचे नाव 'शीळ' हेच ठेवले गेले. पुढे 'अभिसार' १९६३ साली आला आणि 'खूणगाठी' या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तोवर कवी सत्त्याहत्तर वर्षांचे झाले होते. गाणे तीन मिनिटांत पोचते, पुस्तकाला पन्नास वर्षे लागतात.

हा लेख लिहावयास घेतल्यावर गावातल्या काही जुन्या मंडळींशी बोललो. एक निवृत्त गुरुजी आहेत, नव्वदीला टेकलेले. पहिल्या कडव्याची चाल त्यांनी बसल्या जागी म्हणून दाखवली. त्यांच्या वडिलांचा मुक्काम कामानिमित्त यवतमाळला असे, तेथे त्यांनी ती ऐकली होती आणि घरी येऊन म्हणत. कोणाचे गाणे, असे मी विचारले तेव्हा गुरुजी म्हणाले, "कोणाचं म्हणजे? आपल्याकडचंच जुनं गाणं आहे ते. बाया निंदताना म्हणत." मी त्यांना मेहकरच्या वकिलांचे नाव सांगितले. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते खरे वाटले असे दिसले नाही.

एका परीने कवितेचा याहून मोठा सन्मान नाही. कवीचे नाव गळून पडावे आणि शब्द लोकांच्या तोंडी राहावेत, हे भाग्य ओव्या रचणाऱ्या बायांना मिळाले, तेच या कवितेला मिळाले. परंतु त्या बायांची नावे कोणी लिहूनच ठेवली नव्हती, ना. घं.ची नावनिशी तर पुस्तकात आहे. ते १० मे २००० पर्यंत आपल्यात होते, आणि पैनगंगेच्या वरच्या अंगाला, एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर होते. तेव्हा नाव विसरणे हे लोकगीताचे लक्षण म्हणून गौरवायचे, की आपल्या आळसाला दिलेले गोंडस नाव समजायचे, याबद्दल माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. यंदाच्या वर्गाला मी हे गाणे ऐकवणार आहे, पण या खेपेला आधी पुस्तक. गुरुजींनाही तासाला येण्याचे आमंत्रण दिले आहे. बाया निंदताना ते कोणत्या चालीवर म्हणत असत ते त्यांनी म्हणून दाखवावे अशी माझी विनंती आहे, कारण त्यांनी मला म्हणून दाखवलेली चाल आणि जोशी यांची चाल शेवटच्या ओळीला वेगळ्या होतात, आणि तो फरक कोणी केला हे मुलांनी शोधावे.